धानाच्या एका दाण्यांत जीवशास्त्र

सिहोऱ्याच्या परिसरांत धानाची ओळख कोणास करून द्यावी लागत नाहीं. बावनथडी आणि वैनगंगा यांच्यामधील या पट्ट्यांत ज्यांच्या पिढ्या बांध्यांच्या चिखलांत वावरल्या, त्यांस आम्ही धान शिकवूं जाणें धाडसाचें होईल. परंतु ज्या वस्तूशीं आपला रोजचा परिचय असतो, तिच्याविषयींच आपण सर्वांत कमी प्रश्न विचारतों. हे प्रश्न विचारण्याची वेळ बहुधा नुकसान झाल्यावरच येते.

गेल्या खरिपांत आमच्या सोसायटीच्या एका सभासदावर असाच प्रसंग आला. आदल्या वर्षीं त्यांनीं दुकानांतून संकरित धानाचें बीं आणलें होतें. पीक एकसारखें व भरदार आलें. 'असें बीं घरांत असतां पुन्हा पैसे कां मोजावे?' असा विचार करून त्यांनीं त्याच पिकांतील दोन पोतीं बियाण्यासाठीं राखलीं. मळणीच्या सुमारास अवेळीं पाऊस झाला होता. धान पुरतें वाळण्यापूर्वींच पोत्यांत भरलें गेलें, आणि पोतीं ओलसर भिंतीशीं थप्पी करून ठेवलीं. मृगांत पऱ्हे टाकले, तों तीन दाण्यांपैकीं जेमतेम एक उगवला. शेजाऱ्यांकडून उरलीसुरलीं रोपें मागून आणून रोवणी कशीबशी पुरी केली. पुढें पाहतात तों, घरच्या रोपांच्या बांध्यांत कांहीं झाडें लवकर निसवलीं, कांहीं पंधरा दिवस मागें राहिलीं, कांहीं उंच, कांहीं ठेंगणीं, दाणाहि निरनिराळा. पीक एका वेळीं कापण्याजोगें राहिलें नाहीं.

या गृहस्थांची कन्या महाविद्यालयांत विज्ञानाच्या पहिल्या वर्षास आहे. तिच्या वहींतील 'पेशी, श्वसन, गुणसूत्र, निवड' हीं प्रकरणांचीं नांवें पाहून ते म्हणाले, "बाई, घर तेंच, शेत तेंच, बीं माझ्याच हातचें. मग असें कां झालें, हें तुझ्या पुस्तकांत आहे काय?" मुलीनें कांहीं वेळ विचार करून उत्तर दिलें, "आहे, बाबा. पण एका पानावर नाहीं, चार-पांच प्रकरणांत विखुरलेलें आहे." त्या विखुरलेल्या उत्तराची जुळणी करणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. जीवशास्त्राचीं मूलतत्त्वें आम्ही येथें पांच पाठांत मांडीत आहों, आणि प्रत्येक पाठास उदाहरण एकच घेतलें आहे. तें म्हणजे धानाचा दाणा.

पाठ १ – दाणा जिवंत आहे

अन्न घेणें, श्वसन करणें, वाढणें, परिस्थितीस प्रतिसाद देणें, आपल्यासारखा दुसरा जीव निर्माण करणें, हीं सजीवांचीं लक्षणें म्हणून पाठ्यपुस्तकांत दिलेलीं असतात. ढोलींतील दाण्याकडे पाहिलें असतां यांपैकीं एकहि लक्षण दिसत नाहीं. तथापि तो मेलेला नाहीं. तो निजलेला आहे. निजलेल्या माणसाप्रमाणें त्याचा श्वास मात्र मंदपणें चालू असतो.

श्वसन म्हणजे केवळ हवा आंतबाहेर करणें नव्हे. सजीवाच्या शरीरांतील साखर आणि हवेंतील प्राणवायु यांचा संयोग होऊन कर्बाम्लवायु व पाणी तयार होतें आणि शक्ति मोकळी होते. या क्रियेस शास्त्रांत श्वसन म्हणतात. चुलींत लाकूड जळतें तेव्हांहि बहुतांशीं हेंच घडतें. फरक इतकाच कीं, चुलींत तें एकदम घडतें, आणि जीवांत तें पायरीपायरीनें घडतें. मोकळ्या झालेल्या शक्तीचा कांहीं भाग जीव आपल्या कामाकडे लावतो व उरलेली उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते.

आतां ओल्या पोत्याचा विचार करूं. दाण्यांत ओल अधिक असेल तर श्वसन जोरानें चालतें. श्वसनानें उष्णता व पाणी उत्पन्न होतें. त्या ऊबेनें व ओलीनें श्वसन आणखी वाढतें, आणि बुरशीसहि आयतें स्थान मिळतें. अशा पोत्यांत हात घातल्यास आंतून ऊब लागते, हा अनुभव पुष्कळांस असेल. ती ऊब म्हणजे दाण्यानें उद्यांसाठीं सांठविलेली शिदोरी आजच जळत असल्याची खूण होय. शिदोरी संपली, गर्भ दुबळा झाला, कीं दाणा वरून सोन्यासारखा दिसत असूनहि उगवत नाहीं.

बियाणें सांठविणाऱ्यांसाठीं शास्त्रज्ञांनीं एक ठोकताळा दिलेला आहे. दाण्यांतील ओल शेंकडा ५ ते १४ या मर्यादेंत असतां, ती शेंकडा एकानें कमी केली तर बियाण्याचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें. तसेंच सांठवणीच्या जागेचें उष्णतामान सुमारें ५ अंशांनीं उतरलें तरी आयुष्य दुप्पट होतें. म्हणूनच प्रमाणित धानाच्या बियाण्यांत ओल शेंकडा १३ हून अधिक नसावी आणि उगवण शेंकडा ८० हून कमी नसावी, असा नियम आपल्या देशांत ठरविलेला आहे. दाताखालीं दाणा कटकन तुटला पाहिजे, ही वडील माणसांची परीक्षा याच नियमाचें जुनें रूप आहे.

पाठ २ – पेशी, आणि तांदूळ कां उगवत नाहीं

लहान मूल कधीं कधीं विचारतें, 'तांदूळ पेरला तर उगवेल काय?' आपण हंसून 'नाहीं' म्हणतों. पण कां नाहीं, हें सांगूं लागलों कीं आपणांस जीवशास्त्राच्या पायाशींच जावें लागतें.

इ. स. १६६५ मध्यें रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें बुचाची पातळ चकती सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिली. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणें लहान लहान कोठड्या त्यास दिसल्या, आणि त्यांस त्यानें कोठडी या अर्थाचें नांव दिलें. त्यांसच आपण मराठींत पेशी म्हणतों. पुढें १८३८ मध्यें श्लायडेन यानें वनस्पतींविषयीं व १८३९ मध्यें श्वान यानें प्राण्यांविषयीं असें प्रतिपादिलें कीं, सर्व सजीवांचीं शरीरें पेशींचीं बनलेलीं असतात. १८५५ मध्यें व्हिर्खो यानें यास जोड दिली कीं, प्रत्येक पेशी ही पूर्वींच्या पेशीपासूनच उत्पन्न होते. भिंत वाढवावयाची तर बाहेरून विटा आणाव्या लागतात. परंतु सजीवाची वीट स्वतः दुभंगून दुसरी वीट करते. निर्जीव व सजीव यांतील हा मोठा भेद होय.

धानाच्या दाण्याचे स्थूलमानानें चार भाग पडतात. बाहेर टरफल, त्याखालीं कोंड्याचे पातळ थर, मध्यभागीं पिष्टानें भरलेला पांढरा सांठा, आणि देंठाकडील टोंकास, एका कोपऱ्यांत, इवलासा गर्भ. या गर्भांतच भावी झाडाचा कोंब व मूळ घडी घालून ठेवलेलीं असतात. गिरणींत धान सडून पांढरें केलें म्हणजे टरफलाबरोबर कोंडा जातो आणि गर्भहि निघून जातो. मागें उरतो तो केवळ अन्नाचा सांठा. कोठार शिल्लक आहे, पण घरचा धनी गेला. मग तें घर पुन्हा उभें कसें राहावें? तांदूळ न उगवण्याचें कारण हें आहे.

धान भिजत घातलें म्हणजे आंत काय घडतें, तेंहि ध्यानांत घेण्याजोगें आहे. पाणी आंत शिरतांच गर्भ जागा होतो व जिबरेलिन नांवाचें एक द्रव्य सोडतो. हा जणूं कोंड्याच्या आंतल्या थरास दिलेला हुकूम असतो. तो थर एक पाचकद्रव्य तयार करतो. त्याच्या योगानें पिष्टाची साखर होते, आणि त्या साखरेवर कोंब व मूळ वाढतात. या जिबरेलिनचा शोधहि धानाच्याच शेतांत लागला. फाजील उंच वाढून कोलमडणाऱ्या रोपांचा एक रोग जपानी लोकांस ठाऊक होता. त्या रोगाच्या बुरशींतून निघणारें एक द्रव्यच ही वाढ घडवितें, असें कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानें १९२६ मध्यें दाखविलें.

यावरून पेरणीचे दोन नियम निघतात. पहिला असा कीं, ज्या दाण्यांत पिष्टाचा सांठा अपुरा आहे, त्याचा कोंब उपाशीं राहतो. यासाठीं दहा लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बियाणें ओतावें. वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावे, आणि तळाशीं बसलेले जड दाणे स्वच्छ पाण्यानें दोन-तीन वेळां धुवून सावलींत वाळवावे. दुसरा नियम पाण्याविषयींचा. धान हें पाण्यांतलें पीक असलें तरी त्याच्या मुळास उगवतीच्या वेळीं प्राणवायु लागतो. पाण्याखालीं दाबून राहिलेला दाणा लांब, फिकट कोंब काढतो, पण मूळ धरीत नाहीं. म्हणून पऱ्ह्यांच्या वाफ्यांत पाणी तुंबूं देऊं नये. रोप मोठें झाल्यावर मात्र त्याच्या अंगांत हवा खालीं नेणाऱ्या पोकळ्या तयार होतात, आणि तेंच धान पुढें साचलेल्या पाण्यांत सुखानें वाढतें.

पाठ ३ – झाडाचें वजन कोठून येतें?

एका दाण्याचें झाड होतें व त्या झाडास शेंकडों दाणे लागतात. हा माल कोठून आला? 'मातींतून', असें उत्तर बहुतेक जण देतील. सतराव्या शतकांत व्हान हेल्माँट नांवाच्या बेल्जमच्या एका वैद्यानें याची परीक्षा केली. त्यानें २०० पौंड कोरडी माती कुंडींत भरून ५ पौंडांचें वाळुंजाचें रोप लावलें आणि त्यास केवळ पाणी घातलें. पांच वर्षांनीं झाड सुमारें १६९ पौंडांचें झालें. माती मात्र फक्त दोन औंसांनीं घटली. तेव्हां झाड पाण्याचेंच होतें, असा निष्कर्ष त्यानें काढला. तो अर्धाच खरा होता. हवेचा वाटा त्याच्या ध्यानीं आला नाहीं. १७७१ मध्यें प्रीस्टली यानें वनस्पति दूषित हवा पुन्हा शुद्ध करतात हें दाखविलें, आणि १७७९ मध्यें इंगेनहाउस यानें सिद्ध केलें कीं, हें कार्य हिरव्या भागांत व तेंहि सूर्यप्रकाशांतच घडतें.

पानांतील हरितद्रव्य सूर्याचा प्रकाश पकडतें. त्या शक्तीच्या बळावर मुळांनीं आणलेलें पाणी व पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून आलेला कर्बाम्लवायु यांपासून साखर तयार होते, आणि प्राणवायु बाहेर पडतो. यास प्रकाशसंश्लेषण म्हणतात. पहिल्या पाठांतील श्वसनाच्या हें नेमकें उलट आहे. एकांत साखर जमते, दुसऱ्यांत ती खर्च होते. प्रकाशसंश्लेषण फक्त दिवसा चालतें. श्वसन अहोरात्र चालू असतें. जमेंतून खर्च वजा जातां जें उरतें, तेंच आपलें पीक.

मातीचें महत्त्व यानें कमी होत नाहीं. नत्र, स्फुरद, पालाश इत्यादि द्रव्यें मातींतूनच येतात, आणि वजनानें थोडीं असलीं तरी त्यांवांचून हरितद्रव्यहि बनत नाहीं. तथापि पोटरींतून लोंबी बाहेर पडल्यावर दाण्यांत भरणारा माल मुख्यतः वरच्या पानांत, विशेषतः लोंबीलगतच्या शेवटच्या पानांत तयार होतो. तें पान करप्यानें जळालें, अथवा दाट रोवणीमुळें खालचीं पानें अंधारांत राहिलीं, तर जमा घटते आणि खर्च तसाच चालू राहतो. अशा बांधींत झाडें पुष्कळ दिसतात, पण लोंबींत पोचट दाणे वाढतात. ज्यास दाट रोवणीनें अधिक पीक येईल असें वाटतें, त्यानें झाडें न मोजतां उजेड कोठवर पोंचतो हें पाहावें.

पाठ ४ – वंशाचा हिशेब

आतां आमच्या सभासदाच्या दुसऱ्या अडचणीकडे वळूं. जीं रोपें उगवलीं, तीं एकसारखीं कां निघालीं नाहींत?

प्रत्येक पेशीच्या केंद्रांत गुणसूत्रें असतात. मनुष्याच्या पेशींत तीं ४६, व धानाच्या पेशींत २४, म्हणजे बारा जोड्या असतात. जोडींतील एक सूत्र पित्याकडून व एक मातेकडून आलेलें असतें. या सूत्रांवर उंची, मुदत, दाण्याचा आकार इत्यादि गुण ठरविणारीं जनुकें ओळीनें बसविलेलीं असतात. धानाच्या गुणसूत्रांवरील सुमारें ३९ कोटि रासायनिक अक्षरांचें वाचन २००५ मध्यें प्रसिद्ध झालें. अनेक राष्ट्रांनीं मिळून केलेल्या त्या कार्यांत भारताचाहि वाटा होता.

धानाचें फूल बहुधा सकाळीं उघडतें व तासाभरांत मिटतें. त्यांत सहा पुंकेसर असतात, आणि बहुतेक वेळां त्याच फुलाचा पराग त्याच फुलाच्या स्त्रीकेसरावर पडतो. परका पराग येऊन पडण्याचें प्रमाण सामान्यतः शेंकडा एकाहूनहि कमी असतें. म्हणून सुधारलेल्या अथवा गांवठी सरळ जातीचें धान पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसेंच राहतें; जोडींतील दोन्ही जनुकें सारखींच असल्यामुळें अदलाबदल झाली तरी फरक पडत नाहीं.

दोन भिन्न जातींचा मुद्दाम संकर केला असतां काय होतें, याचा हिशेब ग्रेगोर मेंडेल यानें वाटाण्यावर केला. ब्रून येथील मठाच्या बागेंत केलेले हे प्रयोग त्यानें १८६५ मध्यें वाचून दाखविले व १८६६ मध्यें छापले. त्यांकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९०० मध्यें, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनीं, त्यांचें महत्त्व जगास पटलें. आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर सुवासाचें घेऊं. चिन्नोराचा वास भंडाऱ्यांत कोणास ठाऊक नाहीं? बहुतेक सुवासिक धानांत एक विशिष्ट जनुक बिघडलेलें असतें, व त्यामुळें सुवासाचें द्रव्य सांठतें. हें रहस्य २००५ मध्यें उलगडलें. असें सुवासिक धान व बिनवासाचें धान यांचा संकर केला, तर पहिल्या पिढींतील झाडांस वास येत नाहीं. चांगलें जनुक बिघडलेल्यास झांकून टाकतें. परंतु त्या झाडांचें बीं पेरलें, तर दुसऱ्या पिढींत सरासरीनें चार झाडांपैकीं एक झाड पुन्हा सुवासिक निघतें. गुण नाहींसा झाला नव्हता. तो दडून बसला होता.

हा झाला एका जनुकाचा हिशेब. संकरित धानाचे आईबाप अनेक जनुकांत भिन्न असतात. एका जोडीनें दुसऱ्या पिढींत तीन प्रकार होतात, दोन जोड्यांनीं नऊ. केवळ दहा जोड्यांत भेद असला तरी प्रकारांची संख्या ५९,०४९ होते. दुकानांतलें संकरित बीं ही पहिली पिढी असते. तिचीं सर्व झाडें एकसारखीं व जोमदार येतात. त्या पिकांतून राखलेलें बीं ही दुसरी पिढी. तींत दडलेले गुण वर येतात आणि प्रत्येक झाड आपापल्या वाटेनें जातें. बांधींत कांहीं झाडें आधीं व कांहीं मागाहून निसवलीं, त्यांत जमिनीचा दोष नव्हता आणि दैवाचाहि नव्हता. मेंडेलचा हिशेब तेथें उभ्या पिकांत मांडलेला होता.

पाठ ५ – भेद आणि निवड

जर सरळ जातीचें धान सदैव तसेंच राहतें, तर नवीन जाति निर्माण कशा होतात? याचें उत्तर, निसर्गाचें नक्कलकाम चोख असलें तरी तें अगदीं बिनचूक नसतें, हें होय. क्वचित् एखाद्या जनुकांत बदल होतो, क्वचित् परका पराग येऊन पडतो, आणि हजारों झाडांत एक झाड निराळें निघतें. असे भेद उत्पन्न होतात, ते संततींत उतरतात, आणि त्यांपैकीं जे परिस्थितीस जुळतात ते टिकून वाढतात. याच तत्त्वावर चार्ल्स डार्विन यानें १८५९ मध्यें आपला सिद्धांत उभारला. निसर्गाच्या जागीं शेतकरी निवड करूं लागला, म्हणजे नवीन वाण होतो.

याचें उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांतच आहे. नागभीड तालुक्यांतील नांदेड फकिरी या गांवचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांस १९८३ मध्यें आपल्या शेतांत, पटेल-३ या जातीच्या धानांत, निराळ्या पिवळसर दाण्यांच्या तीन लोंब्या दिसल्या. दुसरा कोणी असता तर त्या लोंब्या इतर धानाबरोबर मळल्या गेल्या असत्या. त्यांनीं त्या वेगळ्या राखल्या, वेगळ्या पेरल्या, आणि वर्षामागून वर्ष त्यांचें बीं वाढवीत नेलें. बारीक दाण्याचें तें धान १९९० च्या सुमारास बाजारांत आलें, आणि तेव्हां लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्यास 'एचएमटी' हें नांव पडलें. दादाजींचें शाळेंतलें शिक्षण अगदीं थोडें, जमीन दीड एकर. २००५ मध्यें राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानानें त्यांचा गौरव केला. ३ जून २०१८ रोजीं ते निवर्तले. त्यांनीं निवडलेलें धान मात्र अजून आपल्या ताटांत आहे.

येथें एक सूचना करणें अवश्य आहे. प्रत्येक मोठी लोंबी म्हणजे नवा वाण नव्हे. योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञानें १९०३ मध्यें घेवड्याच्या बियांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, एकाच शुद्ध वंशांतील मोठें बीं निवडलें काय किंवा लहान निवडलें काय, संततींत फरक पडत नाहीं. धुऱ्याकडील झाडास उजेड अधिक मिळतो, शेणाच्या ढिगाजागचें झाड खतानें फोफावतें. तो मोठेपणा परिस्थितीचा असतो, वंशाचा नसतो, आणि म्हणून बियांतून पुढें उतरत नाहीं. दादाजींच्या पद्धतीचें मर्म येथेंच आहे. त्यांनीं केवळ डोळ्यांवर विश्वास ठेवला नाहीं. वेगळेपणा पुढच्या पिढींत उतरतो कीं नाहीं, हें त्यांनीं पेरून पाहिलें. संततीची साक्ष हीच वंशाची खरी कसोटी.

निवड शेतकऱ्याच्याच हातीं असते असेंहि नाहीं. आपल्याकडील गादमाशीची अळी धानाच्या वाढत्या कोंबांत शिरते, आणि पानाऐवजीं कांद्याच्या पातीसारखी चंदेरी नळी निघते. त्या फुटव्यास लोंबी येत नाहीं. या माशीस दाद न देणाऱ्या जाति संशोधकांनीं तयार केल्या. परंतु एकच प्रतिकारक जाति सर्वत्र लावली, तर माश्यांपैकीं ज्या थोड्या तिच्यावरहि जगूं शकतात, त्यांचाच वंश वाढतो, आणि कांहीं वर्षांनीं जातीचा प्रतिकार मोडतो. भारतांत या माशीचे सात उपप्रकार ओळखले गेले आहेत. शेतकऱ्यानें वाण निवडला, वाणानें माशी निवडली. म्हणून गांवांत चार-दोन निरनिराळे वाण असणें हें मागासपणाचें लक्षण नसून शहाणपणाचें आहे. बांधाकडेच्या करग्यास आपण शत्रु समजतों, आणि शेतांत तो शत्रुच आहे. पण अशाच एका रानटी धानाच्या झाडांत, १९७० मध्यें चीनच्या हैनान बेटावर, परागहीनतेचा तो गुण सांपडला, कीं ज्यावर युआन लाँगपिंग यांनीं संकरित धानाचें बियाणें तयार करण्याची पद्धत उभारली.

उपसंहार

आतां त्या दोन पोत्यांचा निवाडा करतां येईल. पऱ्हे उगवले नाहींत, हा दोष पहिल्या पाठांतला: ओल्या दाण्यानें श्वसनांत आपली शिदोरी जाळली. उगवलेलीं रोपें विषम निघालीं, हा दोष चौथ्या पाठांतला: संकरिताची दुसरी पिढी फुटली. दोन्ही दोष एकाच पोत्यांत होते, पण त्यांचीं कारणें निरनिराळीं होतीं. पहिला दोष टळला असता, तरी दुसरा टळला नसता; उलट सगळे पऱ्हे उगवले असते, तर नुकसान सगळ्या बांध्यांवर पसरलें असतें. हें कन्येनें बापास समजावून दिलें, तेव्हां ते थोडा वेळ स्तब्ध बसले व म्हणाले, "म्हणजे न उगवून त्यानें माझे उपकारच केले म्हणावयाचे!"

या अनुभवावरून आम्ही वाचकांस पुढील गोष्टी सुचवितों.

एक : संकरित धानाचें बीं दरवर्षीं नवें घ्यावें, त्याच्या पिकांतून राखूं नये. घरचें बीं राखावयाचें असल्यास सरळ जातीचें राखावें. आपल्या शेतांतील बीं राखून ठेवणें, पेरणें, शेजाऱ्याशीं बदलणें व ठराविक मर्यादेंत विकणेंहि, हा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या वाण-संरक्षण कायद्यानें मान्य केलेला आहे. फक्त संरक्षित वाणाचें बीं छापील नांवाच्या पिशवींत भरून विकतां येत नाहीं.

दोन : बियाण्यासाठीं बांधीचा मधला भाग निवडावा. निसवण्याच्या वेळीं व कापणीपूर्वीं त्यांतून फिरून उंच, वेगळ्या रंगाचीं व मागेंपुढें निसवणारीं झाडें, तसाच करगा, उपटून टाकावा. दुसऱ्या जातीपासून निदान तीन मीटरांचें अंतर सोडावें.

तीन : बीं चांगलें वाळवून, लांकडी फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावें. महिन्यांतून एकदां पोत्यांत हात घालून पाहावा. ऊब लागल्यास तत्काळ उन्हांत पसरावें.

चार : पेरणीपूर्वीं पंधरा दिवस शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर मांडावे व गुंडाळून सावलींत ठेवावे. गोणपाट रोज ओलें करावें. आठ-दहा दिवसांनीं मूळ व कोंब दोन्ही धड आलेले दाणे मोजावे. ऐंशींहून कमी भरले, तर तें बीं पेरण्याचा मोह टाकून दुसऱ्या बियाण्याची तजवीज करावी. त्यासाठीं वेळहि हातीं राहतो.

यंदा त्या सभासदाच्या घरीं हे शंभर दाणे मुलीनें मांडले आणि बापानें मोजले. आमच्या इतर सभासदांनींहि हा प्रयोग आपापल्या घरीं करावा, शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलांमुलींच्या हातून करवावा, आणि किती दाणे उगवले तें जातीच्या नांवासह आम्हांस लिहून कळवावें, अशी विनंति आहे. प्रयोगास लागणारें साहित्य म्हणजे एक गोणपाटाचा तुकडा, पाणी आणि शंभर दाणे. आणि तें सिहोऱ्याच्या प्रत्येक घरांत आहे.